रंगांची कीर्द : मुलांसाठी सोपे कलाप्रयोग

व्यापारी घरात मुलाला काही गोष्टी न शिकवता येतात. गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, सुटे पैसे कसे मोजावेत, माल हातात घेतल्यावर तो कसा पारखावा, हे सारे दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या त्याच्या अंगवळणी पडते. चित्रकलेच्या बाबतीत मात्र आपण याच्या अगदी उलट वागतो. तिच्यासाठी वेगळा क्लास, वेगळी वही, चोवीस रंगांची पेटी आणि वर्षाअखेरीस प्रमाणपत्र, अशी व्यवस्था लावून दिली की आपले कर्तव्य संपले असे आपल्याला वाटते. मूल कागदाशी, रंगाशी आणि चिकटपट्टीशी स्वतःच्या मनाने काय करते, हे पाहण्याची सवड घरात कोणालाच नसते. शिवाय पसाऱ्याची धास्ती असते, ती वेगळीच.

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर गेली काही वर्षे मी आमच्या वसाहतीतील मुलांना रविवारी सकाळी तासभर एकत्र बसवतो. मी चित्रकार नाही, माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे मुलांना ‘असे काढा’ म्हणून दाखवण्यासारखे माझ्याजवळ काहीच नाही, आणि हीच गोष्ट उपयोगी पडली असावी. मी केवळ साहित्य मांडतो आणि ‘काय होते ते पाहू’ एवढेच म्हणतो. या अनुभवातून आणि थोड्याफार वाचनातून जे हाती लागले, ते कुटुंबातील आजी-आजोबांपुढे आणि आई-वडिलांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘काका, बरोबर आहे का?’

या रविवारच्या तासाला येणारा एक दहा वर्षांचा मुलगा अभ्यासात हुशार, बोलण्यात चुणचुणीत. पण कागदावर एक रेघ ओढली की तो मान वर करून विचारी, “काका, बरोबर आहे का?” दुसरी रेघ ओढली की पुन्हा तोच प्रश्न. त्याच्याच शेजारी बसलेली त्याची पाच वर्षांची बहीण हातातील हिरव्या खडूने जांभळा हत्ती काढत असल्याचे सर्वांना ठणकावून सांगत होती आणि तिला कोणाच्याही संमतीची गरज वाटत नव्हती. दोघे एकाच घरातले. मग पाच वर्षांच्या अंतरात असे काय हरवते?

बालकलेचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले. साधारण दोन ते चार वर्षे गिरगोट्यांची, त्यानंतर सात वर्षांपर्यंत आकार शोधण्याची, मग स्वतःच्या ठरावीक आकृत्यांची, आणि नऊ वर्षांच्या सुमारास वास्तवाची जाणीव होण्याची. या शेवटच्या टप्प्यावर मूल स्वतःच्या चित्राची तुलना खऱ्या वस्तूशी आणि शेजारच्याच्या चित्राशी करू लागते. आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाही, हे त्याला प्रथमच कळते. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य बहुतेक घरांत याच वयात ऐकू येते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते जन्मभर टिकते. छापील चित्रात रंग भरायला लावणाऱ्या पुस्तकांना लोवेनफेल्ड यांचा विरोध होता. दुसऱ्याने आखलेल्या रेषेच्या आत राहण्याची सवय लागलेल्या मुलाला स्वतःच्या रेषेचा भरवसा वाटेनासा होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

ही केवळ चित्रकलेची हानी असती तर फारसे बिघडले नसते. सर्वांनी चित्रकार व्हावे असे कोणीच म्हणत नाही. परंतु प्रत्येक पावलाला ‘बरोबर आहे का?’ विचारणारा मुलगा उद्या गादीवर बसणार आहे, किंवा एखाद्या कंपनीत निर्णय घेणार आहे. कर्जाचे अर्ज तपासताना मी असे अनेक तरुण पाहिले, ज्यांच्याजवळ पदवी होती, वडिलांचे भांडवल होते, पण थोडक्यात करून पाहावे, फसले तर कारण शोधावे आणि पुन्हा करावे, ही सवय नव्हती. ही सवय लावण्यासाठी कागद आणि रंग यांच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. येथे तोटा झाला तर एका कागदाचा!

म्हणूनच नऊ ते बारा या वयात तंत्रांचे प्रयोग मोलाचे ठरतात. त्यात घोडा घोड्यासारखा दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मेणावरून पाणी का ओघळते, भेंडीचा ठसा कसा उमटतो, हळद लाल कशी होते, या प्रश्नांत ‘बरोबर-चूक’ नसते. तेथे ‘असे का झाले?’ एवढेच असते.

आपल्याच मातीतील परंपरा

साधे, जवळचे साहित्य घेऊन मुलांना शिकवण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात महागड्या आयात साधनांच्या जागी पाने, बिया, शंख-शिंपले, खडे, माती यांना स्थान मिळाले. अनुताई वाघ यांनी ते काम पुढे नेले. त्याच परिसरातील वारली स्त्रिया लग्नप्रसंगी गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने आणि टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने चित्रे काढत आल्या. एक पांढरा रंग, एक काडी आणि त्रिकोण-वर्तुळ-रेषा एवढ्या भांडवलावर ती कला उभी आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर पोहोचवली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. कला हा शिक्षणाचा पाया आहे, हा विचार त्यांनी पुढे ग्रंथरूपानेही मांडला. साधनांची चणचण ही कलेची अडचण नव्हे, हे या सर्वांच्या कामातून स्पष्ट होते.

दुकान हेच साहित्याचे कोठार

व्यापारी कुटुंबाला तर साहित्य विकत आणण्याची फारशी गरजच नाही. कापडाच्या दुकानात कतरणी आणि ताग्यांच्या आतील पुठ्ठ्याच्या नळ्या असतात. किराणा दुकानात खोकी, सुतळी, खाकी कागद. औषधांच्या दुकानात लहान डब्या आणि नालीदार पुठ्ठा. प्रत्येक दुकानात एका बाजूने कोरी असलेली जुनी बिले, गतवर्षीची दिनदर्शिका आणि लग्नपत्रिकांचा ढीग. एक मोठे खोके घ्यावे, त्यावर मुलाचे नाव लिहावे आणि आठवडाभर त्यात हे सारे जमा करावे.

विकत घ्यायचे ते इतकेच : लाल, पिवळा, निळा आणि पांढरा असे चार पोस्टर रंग, मेणखडूंची एक पेटी, एक जाड व एक बारीक ब्रश. रंगांची मोठी पेटी मुद्दाम टाळावी. चोवीस रंग हाती असले की मूल हिरवा रंग उचलते. तीनच असले की ते हिरवा रंग घडवते, आणि पिवळ्यात निळा किती घातला की पोपटी व किती घातला की गर्द हिरवा होतो, याचे प्रमाण स्वतः शोधते.

ब्रशबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मुंगसाच्या केसांचे ब्रश चित्रकारांत पूर्वी फार वापरले जात. मुंगूस हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशांचा व्यापार हा गुन्हा आहे. खारीच्या व इतर प्राण्यांच्या केसांचेही ब्रश असतात. आपल्या घरांनी दुकानदाराला विचारून नायलॉनचे, म्हणजे कृत्रिम तंतूंचेच ब्रश घ्यावेत. मुलांना त्याचे कारणही सांगावे. ब्रश नसला तरी अडत नाही. ठेचलेली काडी, कापसाचा बोळा, जुना दातघासणीचा ब्रश आणि स्वतःचे बोट, ही सगळी उत्तम साधने आहेत.

सहा प्रयोग

पहिला प्रयोग नाण्यांचा. पातळ कागदाखाली नाणे ठेवावे, मेणखडूचे वेष्टन काढून तो आडवा धरावा आणि हलक्या हाताने कागदावर घासावा. नाण्याचा उंच भागच खडूला लागतो, म्हणून तेवढाच उमटतो. नंतर पेरूचे पान शिरांची बाजू वर करून ठेवावे, मग सुपाची वीण, नालीदार पुठ्ठा, कुलूप, चपलेचा तळ. ‘घरातील दहा पृष्ठभाग शोधून आणा’ असे सांगितले की मुले अर्धा तास शोधातच रमतात. चित्रकार माक्स एर्न्स्ट यांनी १९२५ साली लाकडी फळ्यांवर कागद ठेवून असेच घासले आणि त्यातून कलेचे एक नवे तंत्र पुढे आले.

दुसरा मेणाचा. पांढऱ्या कागदावर मेणबत्तीने चित्र काढावे. काढताना ते दिसत नाही, हीच त्यातील गंमत. मग भरपूर पाणी घातलेला रंग त्यावरून फिरवावा. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे तेथे कागद पांढरा राहतो आणि लपलेले चित्र प्रकट होते. बाटिकच्या कापडामागे हेच तत्त्व आहे. ज्यांच्या घरी कापडाचा व्यवसाय आहे, त्यांनी या निमित्ताने मुलाला दुकानातील बाटिकचा खरा तुकडा जरूर दाखवावा.

तिसरा भाजीच्या ठशांचा. पुस्तकांत यासाठी हमखास बटाटा सांगितलेला असतो. ज्या घरांत कंदमुळे येत नाहीत त्यांना बटाट्यावाचून काहीच अडत नाही. भेंडीचा आडवा काप पाच पाकळ्यांच्या फुलासारखा उमटतो, कारल्याचा काप कातरलेल्या कडेचा, तर कोबीच्या कापात पानांच्या वळ्या दिसतात. भाजी चिरताना आपण टाकून देतो ते देठाकडचे तुकडे यासाठी पुरेसे असतात, म्हणजे अन्नाचीही नासाडी नाही. ओल्या स्पंजाच्या तुकड्यावर घट्ट रंग पसरला की ठशाची गादी तयार. एकाच ठशाची ओळ, मग उलटसुलट ओळ, मग दोन ठशांची जोडी, असे करता करता मूल साडीचा काठ कसा आखला जातो हे समजू लागते.

चौथा हळदीचा, आणि माझ्या पाहण्यात मुलांना सर्वांत अधिक चकित करणारा. हळद पाण्यात कालवून कागदाला फासावी व कागद वाळू द्यावा. मग कापडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर चित्र काढावे. पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. त्याच रेघेवर लिंबाचा रस फिरवला की ती पुन्हा पिवळी पडते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीमागेही हळदीचा हाच गुण आहे. क्षार लागला की लाल, आंबट लागले की पिवळा. गोकर्णीची निळी फुले गरम पाण्यात भिजवून त्या पाण्याचे दोन भाग करावेत. एकात लिंबू पिळले की ते जांभळट गुलाबी होते, दुसऱ्यात खाण्याचा सोडा टाकला की हिरवटपणाकडे झुकते. हे रंग उन्हात विटतात. विटू द्यावेत. अर्धा कागद झाकून खिडकीत ठेवला तर आठवड्याने मुलाला स्वतःच फरक दिसेल.

पाचवा खळ आणि कतरणीचा. एक वाटी कणीक किंवा मैदा चार-पाच वाट्या पाण्यात गुठळ्या न होता कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळला की खळ तयार होते. पुस्तक बांधणारे कारागीर किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत ते कदापि घालू नये. ताजी करावी, दोन दिवसांत संपवावी. जुन्या लग्नपत्रिका, कापडाच्या चिंध्या आणि सुतळी चिकटवून चित्र करताना रेखाटनाची गरज भासत नाही. आँरी मातिस यांच्यासारखा जगप्रसिद्ध चित्रकार १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभे राहून रंगवू शकेनासा झाला, तेव्हा त्याने रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रे रचली. ‘कात्रीचे काम म्हणजे लहान मुलांचे काम’ असे म्हणणाऱ्यांनी ती अवश्य पाहावीत.

सहावा अबरी कागदाचा. पाण्यावर किंवा दाट द्रवावर रंग तरंगवून, त्यात काडी फिरवून, वर कागद टेकवून नक्षी उचलण्याची ही कला तुर्कस्तानात ‘एब्रू’ म्हणून ओळखली जाते. सतराव्या शतकात आपल्या दख्खनमध्ये, विजापूरला, अबरीची उत्तम चित्रे घडली. घरी सोपा मार्ग असा : ताटात दाढीचा फेस पसरावा, त्यावर रंगाचे थेंब टाकावेत, काडीने रेघा ओढाव्यात, कागद अलगद दाबून उचलावा आणि वरचा फेस पुठ्ठ्याने निपटून काढावा. खाली संगमरवरासारखी नक्षी उरते. जुन्या मोठ्या खतावण्यांच्या कडांवर अशी नक्षी असे, आणि ती केवळ शोभेची नव्हती. मधले एखादे पान कोणी फाडले तर कडेची नक्षी तुटून चोरी उघड होई! हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात. हिशेबाची सचोटी आणि रंगांची नक्षी एकाच कडेवर नांदू शकतात, ही गोष्ट व्यापारी घरातील मुलाने ऐकावी अशीच आहे.

काही दक्षता

सहा वर्षांखालील मुलांना कात्री, उकळते पाणी आणि लहान बिया-मणी मोठ्यांच्या नजरेखालीच द्यावेत. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे, तो रंग म्हणून मुलांच्या हाती देऊ नये. होळीचे कोरडे रंग आणि भडक रांगोळीची बारीक पूड श्वासातून आत जाते, तीही नको. विकतच्या रंगांवर ‘विषारी नाही’ असा उल्लेख आहे ना, हे पाहून घ्यावे. पसाऱ्यासाठी एक जुनी चादर ठरवून ठेवावी. तिच्या चार कडांच्या आत हवा तेवढा पसारा, आणि तास संपल्यावर चादर झटकण्यापासून ब्रश धुण्यापर्यंतचे काम मुलांचे. दुकान उघडणाऱ्यानेच दुकान आवरायचे असते, हे त्यांना लवकर पटते.

त्याहून महत्त्वाची दक्षता बोलण्याची. ‘हे काय काढलेस?’ या प्रश्नात मुलाला परीक्षा दिसते. त्याऐवजी ‘हे कसे केलेस?’ असे विचारावे. ‘वा, सुंदर!’ म्हणून पुढे निघून जाण्यापेक्षा ‘येथे निळा पिवळ्यात शिरला आहे’ असे पाहिलेले सांगावे. मुलाच्या कागदावर आपला हात चालवू नये. शासकीय रेखाकला परीक्षांची एलिमेंटरी, इंटरमिजिएटची तयारी योग्य वयात जरूर करावी, त्या परीक्षांचे स्वतःचे मोल आहे. पण रविवारचा हा तास त्या तयारीला जोडू नये. येथे गुण नाहीत, बक्षीस नाही आणि भावंडांची तुलना नाही.

त्या दहा वर्षांच्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. चमत्कार काही घडला नाही. हळदीच्या रविवारी त्याने सवयीने मान वर केली, पण प्रश्न बदलला होता. “काका, साबणाऐवजी राख चालेल का?” मी म्हटले, “मला ठाऊक नाही, घरी करून पाहा.” पुढच्या रविवारी तो दोन कागद घेऊन आला, एक साबणाचा, एक राखेच्या निवळीचा, आणि दोन्हींतील तांबड्या छटांचा फरक त्याने सर्वांना समजावून सांगितला. पुठ्ठ्यावर नाव लिहिलेल्या त्याच्या खोक्यात आता अर्धी जागा अशा कागदांनीच व्यापली आहे.

प्रयोगांची कीर्द

शेवटी एक सूचना, जी बँकेतील माणसालाच सुचावी. प्रत्येक मुलाला एक साधी वही द्यावी आणि तिला ‘कीर्द’ म्हणावे. डाव्या पानावर तारीख, कोणते साहित्य, किती प्रमाणात आणि काय केले. उजव्या पानावर काय झाले, आणि पुढच्या वेळी काय बदलून पाहायचे. फसलेला कागदही याच वहीत चिकटवायचा, फाडून टाकायचा नाही. आपल्या वाडवडिलांनी नफ्याची आणि तोट्याची रक्कम एकाच शाईने लिहिली, म्हणून त्यांना धंदा कळला. दर तीन महिन्यांनी आजोबांनी आणि नातवंडांनी ही कीर्द एकत्र बसून चाळावी. कोणता रंग विटला, कोणता टिकला, कोणता प्रयोग तिसऱ्यांदा जमला, याचा मेळ घालावा.

या कामासाठी मुहूर्त पाहण्याची आवश्यकता नाही. उद्या दुकानातून येताना दोन रिकामी खोकी आणि एक कोरी वही घेऊन या. हळद घरात आहेच.